‘घरबसल्या दहावी’ म्हणजे नेमके काय?

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवसापासून रिक्षांच्या पाठीवर, विजेच्या खांबांवर आणि मोबाईलच्या पडद्यावर एकच जाहिरात वेगवेगळ्या रंगांत दिसू लागते: ‘नापास? शाळा सुटली? घरबसल्या ऑनलाइन दहावी-बारावी करा.’ आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी यंदा तसाच एक कागद पिशवीतून काढून माझ्यापुढे धरला. त्यांची धाकटी मुलगी नववी झाल्यावर घरातल्या आजारपणामुळे शाळेतून निघाली, त्याला दोन वर्षे झाली होती. “ताई, मोबाईलवर शिकायचं ते कळलं, पण मग परीक्षापण मोबाईलवरच का? आणि सर्टिफिकेट कोण देणार, हा जाहिरातवालाच का?” असे त्यांनी विचारले.

शिकलेल्या माणसांचाही गोंधळ नेमका याच दोन प्रश्नांपाशी होतो. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली सरकारने नववी ते बारावीसाठी आभासी, म्हणजे ऑनलाइन भरणारी, शाळा सुरू केली आणि ती देशातील पहिली असल्याचे जाहीर केले, तेव्हा आपण वर्षभर आधीच अशी शाळा काढली आहे, असे केंद्र सरकारच्या मुक्त विद्यालयाने (रोज शाळेत न येता शिकणाऱ्यांसाठीच्या संस्थेने) लगोलग कळवले. पहिले कोण, यावरून दोन सरकारी यंत्रणांमध्येच असा वाद होऊ शकतो. मग ‘ऑनलाइन शाळा’ या शब्दांत काय काय मोडते, हे मावशींना कळावे अशी अपेक्षा कशी करायची?

शाळा नावाच्या गाठोड्यातल्या तीन वस्तू

नेहमीच्या शाळेत मुलाचे नाव घातले की तीन गोष्टी एकत्र बांधून मिळतात. पहिली म्हणजे शिकायचा मजकूर, म्हणजेच पुस्तके आणि त्यांतले धडे. दुसरी म्हणजे शिकवणे: फळ्यासमोरच्या बाई, न समजलेले पुन्हा सांगणारे सर, वही तपासून मारलेली लाल रेघ. तिसरी म्हणजे परीक्षा आणि तिच्यावर शिक्का मारणारे मंडळ. या तिन्ही गोष्टी एकाच इमारतीतून मिळत असल्यामुळे त्या वेगळ्या आहेत, हे आपल्या सहसा लक्षातच येत नाही; प्रत्यक्षात त्या नेहमीच्या शाळेतसुद्धा वेगवेगळ्याच असतात, कारण पुस्तक एक संस्था तयार करते, शिकवते शाळा आणि प्रमाणपत्र देते मंडळ.

ही शाळा खाणावळीसारखी असते. ठरलेल्या वेळी जावे, वाढलेले ताट पुढ्यात घ्यावे, आवडनिवड फारशी चालत नाही, पण उपाशी राहण्याची पाळीही सहसा येत नाही. मुक्त विद्यालयाकडून मात्र शिधा मिळतो. तांदूळ, डाळ, तेल-मीठ सगळे घरी येते, पण चूल पेटवण्यापासून भात उतरवण्यापर्यंतची कामे आपली आपल्यालाच करावी लागतात. ‘ऑनलाइन’ या शब्दाचा अर्थ एवढाच की शिधा पोहोचवण्याची वाट बदलली. पूर्वी तो टपालाने यायचा, आता बराचसा मोबाईलवर येतो. स्वयंपाक शिजला की नाही, हे पाहणारी परीक्षा मात्र अजूनही समोर बसवूनच घेतली जाते.

तेव्हा जाहिरात कोणतीही असो, या तिघांपैकी आपण नेमके काय विकत घेत आहोत, हा प्रश्न आधी विचारावा. मजकूर बहुतेक वेळा फुकट मिळतो, शिकवणे कधी मिळते तर कधी मिळत नाही, आणि शिक्का मारण्याचा अधिकार मोजक्याच मंडळांना असतो.

बाहेरून, मुक्त आणि ऑनलाइन: तीन शब्द, तीन अर्थ

आपल्याकडे ‘बाहेरून दहावी केली’ असे म्हणतात, ते बहुधा १७ नंबरच्या फॉर्मबद्दल. हा राज्य मंडळाचा अर्ज आहे. शाळेत न जाणारा विद्यार्थी खासगी विद्यार्थी म्हणून नाव नोंदवतो, अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका इतर सर्वांच्याच असतात, आणि परीक्षाही त्यांच्याबरोबरच होते. गाठोड्यातले फक्त शिकवणे यातून काढलेले असते. बाकी सगळे जसेच्या तसे.

मुक्त शिक्षणाची गोष्ट याहून निराळी आहे, कारण तिथे अटीच सैल केलेल्या असतात. कोणते विषय घ्यायचे, किती वर्षांत संपवायचे, एका वेळी किती विषयांची परीक्षा द्यायची, हे बऱ्याच अंशी विद्यार्थी ठरवतो. भारतात शालेय पातळीवर याची सुरुवात १९७९ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या, म्हणजे सीबीएसईच्या, एका प्रकल्पातून झाली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर नोव्हेंबर १९८९ मध्ये त्याचे स्वतंत्र राष्ट्रीय मुक्त विद्यालय झाले, पुढच्या वर्षी त्याला स्वतःच्या परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याचा अधिकार मिळाला, आणि २००२ मध्ये त्याचे नाव राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था असे ठेवले गेले. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला सगळे एनआयओएस म्हणतात, म्हणून पुढे मीही तेच म्हणते. आपल्या नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठही १९८९ चेच. ज्या काळी अनेक घरांत साधा फोनही नव्हता, त्या काळी हे सगळे उभे राहिले, हे आजच्या जाहिराती पाहताना विसरायला होते.

‘ऑनलाइन’ हा तिसरा शब्द फक्त साधनाविषयी आहे. नेहमीच्या शाळेतली मुलेही करोनाच्या काळात ऑनलाइन शिकली, पण म्हणून त्यांची शाळा मुक्त झाली नव्हती. उलट मुक्त विद्यालयातला एखादा विद्यार्थी एकही व्हिडिओ न पाहता केवळ छापील पुस्तकांवर उत्तीर्ण होऊ शकतो.

एनआयओएसचे गणित

माध्यमिक अभ्यासक्रमासाठी, म्हणजे दहावीच्या पातळीसाठी, वयाची चौदा वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. वरची वयोमर्यादा नाही, त्यामुळे मावशींच्या मुलीबरोबर स्वतः मावशींनीही नाव घातले तरी चालले असते. (हे मी त्यांना सुचवलेही. “आता माझं काय, ताई,” एवढेच म्हणून त्यांनी कणीक पुढे ओढली, पण अर्ज भरताना वयाच्या रकान्यावर त्या जरा जास्तच वेळ रेंगाळल्या.)

विषयांची भली मोठी यादी असते आणि तिच्यातून पाच विषय निवडायचे असतात. त्यांत निदान एक भाषा हवी, आणि हवे असल्यास वर आणखी दोन विषय घेता येतात. गणित, विज्ञान आणि तंत्रज्ञान, सामाजिक शास्त्रे हे ओळखीचे विषय यादीत आहेतच. शिवाय अर्थशास्त्र, मानसशास्त्र, गृहविज्ञान, चित्रकला, डेटा एंट्री असे विषयही आहेत. मराठी हा भाषाविषय म्हणून घेता येतो, आणि माध्यमिक पातळीवर मराठी माध्यमातून शिकण्याचीही सोय आहे.

या मोकळिकीत एक खाच आहे आणि ती कोणी सांगत नाही. गणित आणि विज्ञान टाळूनही दहावी उत्तीर्ण होता येते. ज्या मुलाला गणिताच्या नुसत्या नावाने घाम फुटत होता, त्याला हा केवढा दिलासा! पण दोन वर्षांनी त्याच मुलाला तंत्रनिकेतनात जावे किंवा विज्ञान शाखा घ्यावी असे वाटले, तर दार बंद असल्याचे तेव्हा कळते. म्हणून विषय निवडताना आज काय सोपे जाईल यापेक्षा तीन वर्षांनी कुठे उभे राहायचे आहे, हे घरात बसून बोलून घ्यावे.

एकदा केलेली नोंदणी पाच वर्षे चालते. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या महिन्यांत, आणि नोंदणीच्या मुदतीत एकूण नऊ संधी मिळतात. उत्तीर्ण झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही, तो खात्यावर जमा राहतो. पोस्टातल्या बचत खात्यात जमेल तेव्हा जमेल तेवढे टाकत शेवटी सगळी रक्कम उचलावी, तसे कोणी पाचही विषय एका दमात देतो, तर कोणी नोकरी सांभाळत दर खेपेला एक-दोन विषय सोडवतो. नेहमीच्या मंडळाच्या परीक्षेत काही विषयांत नापास झालेल्याला त्याचे उत्तीर्ण झालेले विषय, सहसा दोनपर्यंत, इकडे आणता येतात. ज्यांना परीक्षेच्या ठरलेल्या महिन्यांची वाट पाहायची नाही, त्यांच्यासाठी मागणीनुसार परीक्षेचीही व्यवस्था आहे, पण ती ठरावीक केंद्रांवरच होते.

उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के गुण लागतात. त्याआधी घरून लिहून द्यायचे स्वाध्याय असतात. त्यांना विद्यार्थी टीएमए म्हणतात आणि त्यांना २० टक्के भार असतो. विद्यार्थ्याला जवळचे एक अभ्यासकेंद्र नेमून दिलेले असते. ते बहुधा एखाद्या शाळेतच असते आणि तिथे सुट्टीच्या दिवशी संपर्क वर्ग होतात, म्हणजे अडलेले विचारण्यासाठी घेतलेले तास. काही केंद्रांवर हे तास मनापासून होतात, काही ठिकाणी कागदावरच होतात. मावशींच्या मुलीला मिळालेल्या केंद्रावर पहिल्या रविवारी कुलूप होते आणि दुसऱ्या रविवारी शिपाई म्हणाला की सर पुढच्या आठवड्यात येतील. त्यामुळे फी भरण्यापूर्वी केंद्रावर एकदा स्वतः जाऊन यावे आणि तिथे आधीपासून शिकणाऱ्या दोन मुलांशी बोलावे. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीचे प्रादेशिक कार्यालय पुण्यात आहे.

यात ‘ऑनलाइन’ किती?

परीक्षा ऑनलाइन नसते, आणि मावशींच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तेच आहे. केंद्रावर जाऊन, ओळखपत्र दाखवून, बाकावर बसून, शाईने कागदावर लिहावे लागते. ऑनलाइन असते ते प्रवेशाचे काम आणि शिकण्याचे साहित्य.

या साहित्याचा मोठा साठा ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या व्यासपीठावर आहे. जुलै २०१७ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. महाविद्यालयीन अभ्यासक्रमांसाठी ते जास्त ओळखले जाते, पण शालेय अभ्यासक्रमही त्यावर असतात. ते एनसीईआरटी (शालेय पाठ्यपुस्तके तयार करणारी राष्ट्रीय संस्था) आणि एनआयओएस या दोन संस्था तयार करतात आणि ते विनामूल्य पाहता येतात. स्वयम्‌च्या प्रत्येक अभ्यासक्रमाचे चार भाग असतात: व्हिडिओ व्याख्यान, वाचायचा मजकूर, स्वतःची चाचणी आणि शंका विचारायची चर्चा. मुले पहिला भाग पाहतात, दुसरा उतरवून घेतात, तिसरा घाईघाईने टिचक्या मारून संपवतात आणि चौथ्याकडे फिरकत नाहीत. वर्गातल्या बाईंची उणीव काही प्रमाणात भरून काढणारा भाग नेमका तो चौथाच आहे, आणि तोच ओसाड पडतो. भर वर्गात हात वर करायला जे मूल लाजते, ते अनोळखी लोकांपुढे लेखी प्रश्न टाकायला त्याहून जास्त लाजते, असा माझा अनुभव आहे.

सप्टेंबर २०१७ मध्ये आलेले ‘दीक्षा’ हे दुसरे व्यासपीठ शिक्षक आणि शाळकरी मुले या दोघांसाठी आहे. पाठ्यपुस्तकाच्या पानावर जो काळा-पांढरा चौकोनी क्यूआर कोड असतो, त्यावर मोबाईल धरला की त्या धड्याचा व्हिडिओ किंवा प्रश्न उघडतात, ते दीक्षावरचेच. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांच्यासाठी दूरचित्रवाणीच्या वाहिन्या आहेत, आणि मे २०२० मध्ये जाहीर झालेल्या पीएम ई-विद्या योजनेत ‘एक इयत्ता, एक वाहिनी’ अशी त्यांची मांडणी झाली. ज्यांनी लहानपणी पुण्याच्या बालचित्रवाणीचे कार्यक्रम पाहिले आहेत, त्यांना यात फारसे नवल वाटणार नाही. पडद्यावरून शिकवण्याचा प्रयोग आपण १९८४ पासून केलेला आहे, फक्त तेव्हा पडदा शाळेतल्या एका खोलीत असायचा आणि कार्यक्रम सुटला तर सुटला.

एनआयओएसची आभासी शाळा यापुढचे पाऊल आहे, कारण तिच्यात ठरलेल्या वेळी थेट वर्ग होतात. शिध्याबरोबर स्वयंपाकीही पडद्यावर येऊन उभा राहतो, असे म्हणता येईल. परीक्षा आणि प्रमाणपत्र मात्र त्याच एनआयओएसचे असते, त्यामुळे ‘आभासी शाळेचे वेगळे सर्टिफिकेट’ कोणी देऊ करत असेल तर सावध व्हावे.

विज्ञान पडद्यावर शिकता येते का?

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबू. दहावीच्या विज्ञानात काचेच्या चिपेतून जाणाऱ्या प्रकाशाचा प्रयोग असतो. कागदावर चीप ठेवून तिच्या कडा आखायच्या, एका बाजूला दोन टाचण्या टोचायच्या, दुसऱ्या बाजूने काचेतून पाहत आणखी दोन टाचण्या अशा टोचायच्या की चौघी एका रांगेत दिसाव्यात, आणि मग चीप उचलून किरणाची वाट रेघांनी जोडायची. हाच प्रयोग संगणकावर करण्यासाठी सी-डॅक ही केंद्र सरकारची संगणक संशोधन संस्था आणि अमृता विद्यापीठ यांनी मिळून बनवलेली ‘ओलॅब्स’ ही ऑनलाइन प्रयोगशाळा आहे आणि ती मराठीतही पाहता येते. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाचे ‘फेट’ हे अनुकरणांचे संकेतस्थळ २००२ पासून आहे, नोबेल पारितोषिक मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी ते सुरू केले, आणि त्यातली बरीच अनुकरणे मराठीत आणलेली आहेत. अनुकरण म्हणजे खऱ्या प्रयोगाची पडद्यावर हलवता येणारी प्रतिकृती.

मावशींच्या मुलीने आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून मोबाईलवर हा प्रयोग केला. आपाती कोन, म्हणजे किरण काचेवर येतो तो कोन, ३० अंश ठेवला की काचेतला कोन साडेएकोणीस अंशांच्या आसपास येतो आणि अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश काचेत किती वळतो त्याचे माप, दर वेळी दीड. दहा वेळा केले तरी दहाही वेळा दीड. तिला ते पाच मिनिटांत कळले आणि दहाव्या मिनिटाला कंटाळाही आला.

दुसऱ्या दिवशी मी कपाटातला काचेचा जाड पेपरवेट काढून दिला, त्याच्या दोन बाजू सपाट होत्या. टाचण्या शिवणाच्या डब्यातून आल्या, कोनमापक तिच्या जुन्या कंपासपेटीतून. आता मात्र कोन कधी १९ भरला, कधी २०, एकदा तर २१. त्या हिशोबाने अपवर्तनांक १.५४ आला, मग १.४६, मग १.४० च्या जवळ. “माझं चुकतंय,” ती म्हणाली. चुकत नव्हते. कोन मोजताना एका अंशाची ढिलाई झाली तर उत्तर किती सरकते, टाचणी वाकडी टोचली तर काय होते, एकाच मापनावर का विसंबू नये आणि पाच मापनांची सरासरी का घ्यावी, हे सगळे त्या तीन वेगळ्या आकड्यांत होते. पडद्यावरची काच तिला नियम शिकवू शकली. मोजणे तिला ओट्यावरच्या काचेने शिकवले.

याचा अर्थ अनुकरणे निरुपयोगी आहेत, असा मुळीच नाही. अणूची रचना, विद्युतप्रवाह, ग्रहांच्या कक्षा या गोष्टी कोणत्याच शाळेच्या प्रयोगशाळेत डोळ्यांनी दिसत नाहीत आणि तिथे पडदा फळ्यापेक्षा सरस ठरतो. शिवाय प्रामाणिकपणे सांगायचे तर कित्येक नेहमीच्या शाळांतही प्रयोग बाई करतात आणि साठ मुले मागून माना उंचावून पाहतात. एनआयओएसच्या विज्ञान विषयाला प्रात्यक्षिक परीक्षा असते आणि ती केंद्रावर प्रत्यक्षच द्यावी लागते. त्यामुळे ज्याने वर्षभर नुसते पडद्यावर बोट फिरवले, त्याचा हात तिथे नक्की थरथरतो. घरच्या घरी करता येण्यासारखे पुष्कळ असते. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद साबणाच्या पाण्याने लाल होतो आणि लिंबाचा थेंब पडला की पुन्हा पिवळा. आम्ल-आम्लारीचा अख्खा धडा एवढ्यात बसतो. वाटीच्या काठाआड दडलेले नाणे पाणी ओतताच दिसू लागते, ते अपवर्तनच. ऑनलाइन विज्ञान घेणाऱ्याने आठवड्यातला एक दिवस मोबाईल बाजूला ठेवून अशा कामांसाठी राखावा.

सामाजिक शास्त्रांचे काय?

इथे पडद्याचा त्रास कमी आहे. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र वाचून आणि पाहून बरेच उमगते, आणि नकाशा तर कागदापेक्षा पडद्यावर चांगला समजतो, कारण कोकणातल्या खाडीपासून दख्खनच्या पठारापर्यंतचा चढ बोटाने सरकवत पाहता येतो. कमतरता भासते ती मतभेदाची. वर्गात एक मुलगा म्हणतो की धरण हवे, दुसरीचे घर त्याच धरणाखाली गेलेले असते, आणि ‘विकास’ हा शब्द त्या दिवशी दोघांनाही वेगळा कळतो. एकटीने व्हिडिओ पाहणाऱ्या मुलीला ही दुसरी बाजू कोणी सांगत नाही. ग्रामसभेला जाऊन बसणे, वर्तमानपत्रातली एकच बातमी दोन ठिकाणी वाचणे, आजीला दुष्काळाच्या आठवणी विचारणे, असे काहीतरी घरच्यांनी मुद्दाम घडवून आणावे लागते.

भाषा कानाने की डोळ्याने?

भाषा विषयात फसगत होते ती वेगळीच. मराठी आपली म्हणून मुले ते पुस्तक शेवटपर्यंत उघडत नाहीत आणि उत्तरपत्रिकेत बोलल्यासारखे लिहून गुण घालवतात. वर्गात निबंध लिहिला की बाई ऱ्हस्व-दीर्घाखाली रेघ मारतात. व्हिडिओ कोणाच्याच वहीत रेघ मारत नाही. मोबाईलवर टंकलेखनाच्या वेळी शब्द आपोआप दुरुस्त होतात, त्यामुळे तर चूक दिसण्याची शेवटची सोयही जाते. म्हणून स्वाध्याय हातानेच लिहावेत आणि ते कोणाकडून तरी वाचून घ्यावेत, मग तो शेजारचा निवृत्त मास्तर असला तरी चालेल. इंग्रजीचे उलटे असते: तिथे ऑनलाइन साहित्याचा फायदा मोठा, कारण खेड्यातल्या मुलाच्या कानावर ती भाषा एरवी पडतच नाही. आखाती देशांतही एनआयओएसची अभ्यासकेंद्रे आहेत. वडिलांच्या नोकरीपायी तिकडे गेलेल्या मराठी मुलांच्या बाबतीत हे चित्र पुन्हा उलटते, तिथे इंग्रजी चोहीकडे असते आणि मराठीच पडद्यावरून शोधावी लागते.

‘त्या सर्टिफिकेटला कोण विचारतो?’

हा आक्षेप मावशींच्या दिराने घेतला, आणि तो सर्रास घेतला जातो. एनआयओएस हे केंद्र सरकारने स्थापलेले राष्ट्रीय पातळीवरचे मंडळ आहे, आणि त्याचे दहावी-बारावीचे प्रमाणपत्र इतर मान्यताप्राप्त मंडळांच्या बरोबरीचे धरले जाते. वैद्यकीय प्रवेशाच्या बाबतीत मात्र खरोखरच अडथळा होता: २०१८ मध्ये मुक्त विद्यालयातून बारावी झालेल्यांना ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेला बसू न देण्याचा नियम आला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो रद्द केला, आणि मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही मान्यताप्राप्त मुक्त मंडळांच्या विद्यार्थ्यांचा मार्ग मोकळा राहिला. ‘मुक्तवाल्यांना डॉक्टर होता येत नाही’ ही समजूत त्या मधल्या काळातली आहे आणि ती अजून गावोगाव फिरते.

खरी अडचण बहुतेक वेळा कॅलेंडरची असते. महाराष्ट्रात २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात आणि त्यांच्या फेऱ्या ठरलेल्या तारखांना संपतात. ऑक्टोबरच्या परीक्षेला बसणाऱ्याचा निकाल लागतो तेव्हा अकरावीचे वर्ग अर्धे झालेले असतात, त्यामुळे त्याला पुढच्या जूनपर्यंत थांबावे लागते. नेहमीच्या महाविद्यालयातच जायचे असेल तर एप्रिलची परीक्षा गाठावी, आणि अर्जाची तारीख त्या हिशोबाने मागे मोजत यावी.

महाराष्ट्राचे स्वतःचेही राज्य मुक्त विद्यालय मंडळ आहे, ते पाचवी, आठवी, दहावी आणि बारावी या पातळ्यांवर परीक्षा घेते. ज्यांना राज्याबाहेर जायचे नाही आणि पुस्तके मराठी हवीत, त्यांनी एनआयओएसच्या जोडीने त्याचीही चौकशी करावी.

कोणासाठी नाही

मला जे वाटते ते इथे स्पष्ट सांगते. घरातून शाळेत जाता येत असेल, शाळा बरी असेल आणि मुलाला तिथे मित्र असतील, तर केवळ क्लासला जास्त वेळ मिळावा म्हणून त्याला मुक्त विद्यालयात घालणे मला पटत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला रोज सकाळी स्वतःला उठवून स्वतःच शिकवायला लावणे, ही फार मोठी मागणी आहे. आपल्यापैकी किती मोठी माणसे ती पेलतील? खेळाडू, कलाकार, दीर्घ आजारातली मुले, काम करणारे तरुण, लग्न होऊन शाळा सुटलेल्या मुली, हालचालींची अडचण असणारे विद्यार्थी, वारंवार गाव बदलणारी ऊसतोडीची कुटुंबे, यांच्यासाठी ही वाट आहे. त्यांतही ऊसतोडीच्या कुटुंबांना नेटवर्क आणि वीज सगळ्यात कमी मिळते, म्हणून छापील पुस्तकांचा संच घेतल्याशिवाय त्यांनी ऑनलाइनच्या भरवशावर राहू नये.

मोबाईल हातात दिला तर मूल खेळत बसेल, अशीही भीती असते आणि ती खोटी नाही. मावशींनी त्यावर काढलेला तोडगा मला आवडला. मुलगी धडे दुपारी आमच्याकडे डाउनलोड करून घेते, संध्याकाळी घरी मोबाईलचे इंटरनेट बंद असते, आणि पाहिलेला धडा ती पोळ्या लाटणाऱ्या आईला सांगते. आईला कळले नाही तर पुन्हा पाहायचा.

तो कागद शेवटी कुठे गेला?

मावशींनी आणलेल्या जाहिरातीवर मंडळाचे नावच नव्हते. ‘१०० टक्के पास’ आणि ‘परीक्षा घरून’ असे मात्र ठळक छापले होते. मंडळाचे नाव विचारायला आम्ही फोन केला, तर पलीकडच्या माणसाने आधी दोन वेगळी नावे सांगितली, मग म्हणाला, “मॅडम, बोर्डाचं टेन्शन तुम्ही घेऊ नका, पाच हजार पाठवा, बाकी आमच्यावर सोडा.” खऱ्या मंडळांशी मिळतीजुळती नावे धारण करणारी बनावट मंडळे देशात पुष्कळ निघाली आहेत, आणि त्यांचे प्रमाणपत्र खोटे असल्याचे नोकरीच्या किंवा पासपोर्टच्या वेळीच कळते. देशातल्या शालेय मंडळांच्या ‘कोब्से’ या परिषदेची सदस्ययादी पाहता येते. तिच्यात नाव नसेल तर पुढे एक पाऊलही टाकू नये. प्रवेश मध्यस्थाकडून न घेता मंडळाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावा, पैसेही तिथेच भरावेत आणि पावती जपून ठेवावी.

मुलीचा अर्ज आम्ही एका रविवारी दुपारी भरला. फोटोची फाईल मोठी झाल्यामुळे तो दोनदा परत आला, तिसऱ्यांदा गेला. विषय तिने मराठी, इंग्रजी, विज्ञान, सामाजिक शास्त्रे आणि गृहविज्ञान असे निवडले होते. शेवटच्या क्षणी गृहविज्ञान खोडून गणित घातले. जाहिरातीचा तो कागद मावशींनी पोळ्यांच्या डब्याखाली घातला आहे, ओट्यावर तेल सांडू नये म्हणून.